रसशाळेतील कारागिरांचे शिक्षण : पडदा आणि कढई
(चिंचोळी औद्योगिक वसाहतीच्या निमित्ताने)

आयुर्वेदीय औषधांच्या गुणवत्तेविषयी आपल्या व्यवसायात जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती बहुधा कच्च्या मालाची प्रत, यंत्रसामग्री आणि प्रयोगशाळेचा अहवाल या तीन विषयांभोवती फिरते. कढईजवळ उभा असलेला माणूस या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक पाहता वैद्याने योजलेल्या कल्पाचे यश ज्या हातांवर अवलंबून असते, ते हात पुष्कळदा अशा व्यक्तीचे असतात की जिने शार्ङ्गधरसंहिता कधी उघडलेली नाही आणि जी काही शिकली ती एखाद्या वृद्ध कारागिराशेजारी चार-दोन वर्षे उभी राहून शिकली. तो वृद्ध कारागीर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर काय गेले, याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. पुढच्या हंगामातील तेलाला निराळा वास येऊ लागला म्हणजे तो कळतो.

प्रस्तुत लेखात या कारागिराच्या शिक्षणाचा विचार करावयाचा आहे. विशेषतः संगणक, मोबाइल व चित्रफीत यांच्या साहाय्याने दिले जाणारे शिक्षण आणि प्रत्यक्ष कामावरील शिक्षण यांची जोड आपल्या रसशाळांत कशी घालता येईल, याचा. या जोडशिक्षणास आम्ही ‘मिश्र शिक्षण’ असे म्हणतो. उदाहरणासाठी सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळी औद्योगिक वसाहतीचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. तेथे रासायनिक व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत, कापडाचा व्यवसाय जवळ आहे, आणि मोहोळ तालुक्यातील खेड्यांतून व सोलापूर शहरातून येणारा कामगारवर्ग आहे. अशा वसाहतीत पंधरा-वीस माणसांची रसशाळा चालविणाऱ्यास ज्या अडचणी येतील, त्या राज्यातील बहुतेक लहान औषधनिर्मात्यांच्याच अडचणी आहेत.

प्रश्न केवळ सोयीचा नाही

२०२१ मध्ये मुंबईतील काही वैद्यकतज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यावर आयुष मंत्रालयाने जे स्पष्टीकरण दिले, त्यातील मुख्य मुद्दा द्रव्याच्या ओळखीचा होता. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती यकृतास अपायकारक ठरू शकते, आणि दोहोंची गफलत होण्याचा संभव असतो, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पहिलीचे कांड हिरवट असते, त्यावर गाठी नसतात व दुधाळ स्राव येत नाही. दुसरीचे कांड करडे, गाठाळ असून त्यातून दुधाळ स्राव येतो. त्या रुग्णांच्या बाबतीत नेमके काय घडले हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. रसशाळेच्या दारात गोण्या उतरवून घेणारा माणूस ही दोन कांडे वेगळी ओळखू शकत नसेल, तर पुढील सर्व शास्त्र निरर्थक आहे. प्रयोगशाळा नमुना तपासते; गोणी माणूस उघडतो.

अशोकाच्या सालीची गोष्ट याहून जुनी आहे. रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेल्या उंच, सरळ वाढणाऱ्या झाडालाही लोक अशोकच म्हणतात. परंतु अशोकारिष्टाचा अशोक तो नव्हे. पाऱ्याच्या कल्पांत धोका रुग्णाइतकाच कारागिराचाही आहे. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत बंद खोलीत कज्जलीचे मर्दन करणाऱ्यास पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि तिचा वासही येत नाही. ‘काळजी घ्या’ असे एकदा तोंडी सांगून ही जबाबदारी संपत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची टी २००० साली अधिसूचित झाली व २००३ मध्ये सुधारण्यात आली. जागा, स्वच्छता, कामगारांचे आरोग्य व पोशाख, कच्च्या मालाची वर्गवारी, उत्पादनाच्या नोंदी, गुणनियंत्रण या सर्वांचा तीत विचार आहे. शुद्ध वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी आवश्यक झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील वनौषधी उत्पादनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणास स्वतंत्र स्थान आहे. २०१९ मध्ये परवान्यांसाठी ई-औषधी हे संकेतस्थळ आले. म्हणजे कार्यालयातील कागद संगणकावर गेला. कढईजवळचे ज्ञान मात्र होते तेथेच राहिले.

पूर्वसूरींची योग्या

पडद्यावर पाहून कोणी कर्म शिकतो काय, असा आक्षेप आपल्यातील ज्येष्ठ वैद्य घेतील. आक्षेप योग्य आहे. पण तो अर्धा आहे. सुश्रुताने सूत्रस्थानात ‘योग्या’ सांगितली आहे. शिष्याने रुग्णाला हात लावण्यापूर्वी कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा सराव करावा, पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर भेदन करावे, कमळाच्या देठांवर वेधन करावे, कापडाच्या माणसावर बंध बांधावेत, असा तो क्रम आहे. खरे काम हाती देण्यापूर्वी त्याची प्रतिकृती द्यावी, ही कल्पना परकीय नाही. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे होत, हेही त्याच आचार्यांचे मत आहे. चरकाने तर वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांजकडून कळतात हे मान्य करून, त्यांचा योग जाणणाऱ्यास श्रेष्ठ मानले आहे. आजच्या रसशाळेत गुराख्याच्या जागी कारागीर आहे, एवढाच फरक.

सुश्रुताच्या क्रमात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भोपळा कापणे हा शस्त्रकर्माचा पर्याय नाही, ती पूर्वतयारी आहे. पडद्यालाही आम्ही नेमके तेवढेच स्थान देतो.

महाराष्ट्रातील अनुभव

दूरस्थ व संगणकाधिष्ठित शिक्षणाचा महाराष्ट्राचा अनुभव थोडा नाही. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले; प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. घरी पुस्तक, अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन व जेथे आवश्यक तेथे प्रात्यक्षिक, ही त्याची रीत. पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. विद्यार्थी संगणकासमोर बसून स्वतः धडा वाचतो, पाहतो, लगेच करून बघतो, आणि अडल्यास केंद्रातील मार्गदर्शक मदत करतो. लाखो लोक या रीतीने शिकले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या दवाखान्यांत व दुकानांत काम करणारी मुले-मुली याच वर्गांतून आलेली असतील.

एमएस-सीआयटीच्या यशाचे कारण मात्र नीट पाहिले पाहिजे. तेथे संगणक हेच शिकविण्याचे साधन होते आणि संगणक हेच शिकण्याचे काम होते. साधन व साध्य एकाच मेजावर होते. आपल्या कढईचे तसे नाही. तेलाचा पाक संगणकात होत नाही. त्यामुळे ‘त्यांनी केले, मग आपण का नाही’ असे म्हणून तो साचा जसाच्या तसा उचलणे चुकीचे ठरेल.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली ही संस्था सुरू केली. शाळा सोडलेल्या ग्रामीण मुलांनी प्रत्यक्ष काम करीत शिकावे, गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा शिकता शिकता द्याव्यात, हे तिचे सूत्र. याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर आराखडा करावा आणि शेजारच्या यंत्रावर तो लगेच घडवून पाहावा, अशी ती कार्यशाळा. एमएस-सीआयटीपेक्षा हे उदाहरण रसशाळेला अधिक जवळचे आहे, असे आम्हांस वाटते. कारण तेथे संगणक हाताच्या कामाच्या सेवेला आहे.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने या विषयाची कठोर परीक्षा घेतली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे वर्ग बंद झाले. केंद्र शासनाच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने २०१९ मध्येच ‘भारत स्किल्स’ हे संकेतस्थळ सुरू केले होते; त्यावरील धडे व प्रश्नसंच त्या काळात उपयोगी पडले. पण जोडारी वा संधाता यांचे प्रात्यक्षिक मोबाइलवर होत नाही, हे शिक्षकांना व विद्यार्थ्यांना सारखेच कळले. सिद्धांत पुढे गेला, हात मागे राहिले. त्यानंतर २०२३ मध्ये ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ हा व्यापक मंच आला. रासायनिक कारखान्यातील परिचर-चालक हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील एक मान्य व्यवसाय आहे, आणि त्यातील सुरक्षितता, मोजमाप, उष्णतेची देवघेव यांवरील पाठ आपल्या कारागिरांनाही चालतील. मात्र स्नेहपाक, पुट, संधान यांचा पाठ तयार मिळण्याची वाट पाहत बसू नये. तो आपल्यालाच करावा लागेल.

काय पडद्यावर, काय हातावर

येथे खरा विवेक लागतो. आपल्या कल्पनांची परीक्षा पुष्कळशी इंद्रियगम्य आहे, आणि प्रत्येक इंद्रियाचा विषय पडद्यावर सारखाच उतरत नाही.

भस्माची परीक्षा घ्या. वारितर म्हणजे भस्म पाण्यावर तरंगणे. हे चित्रफितीत उत्तम दिसते. त्या तरंगणाऱ्या भस्मावर धान्याचा दाणा ठेवून करावयाची उत्तम परीक्षाही दिसते. निश्चंद्रत्व पाहण्यासाठी भस्म उन्हात धरून चकाकी शोधावयाची. हे कॅमेऱ्यात पकडता येते, पण प्रकाशयोजना चुकली तर फसवते. रेखापूर्णत्व मात्र बोटांच्या रेषांतच समजते. अंगठा व तर्जनी यांत चिमूट घासल्यावर ती रेषांत शिरते की कणकण लागते, हे हजार वेळा पाहिले तरी एकदा घासल्यावाचून कळत नाही.

आसव-अरिष्टांच्या संधानात अडचण काळाची आहे. क्रिया आठवड्यांनी मोजावी लागते, आणि नवा कारागीर तिच्या एखाद्याच टप्प्यावर कामाला लागतो. रोज एका ठरावीक वेळी, ठरावीक अंतरावरून त्याच भांड्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण केले, तर महिन्याभराची क्रिया पंधरा मिनिटांत डोळ्यांपुढे येते. भांड्याला कान लावल्यावर येणारा बुडबुड्यांचा आवाज, पेटती काडी विझणे, चुन्याची निवळी गढूळ होणे, आणि संधान पूर्ण झाल्यावर आवाज थांबून काडी जळत राहणे, हा सर्व क्रम एकत्र पाहण्याची संधी जुन्या पद्धतीत कोणालाच नव्हती. चित्रफीत येथे गुरूपेक्षाही सरस ठरू शकते, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. सोलापूरच्या उन्हाळ्यातील व थंडीतील संधानाची दोन चित्रणे शेजारी ठेवून दाखविली, तर ऋतूचा परिणाम कारागिराला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

कूपीपक्व रसायनांत चित्रफितीचा उपयोग सुरक्षिततेचा आहे. सात कापडमातीचे थर दिलेली काचकूपी, तिचा एकतृतीयांश भाग भरणे, वालुकायंत्रात मृदु, मध्य व तीव्र असा चढता अग्नी, गळ्याशी साठणारा गंधक तप्त शलाकेने मोकळा करणे आणि योग्य क्षणी मुखबंधन करणे, यांत एकही पायरी चुकली तर माल जातो, प्रसंगी कूपी फुटते. नवशिक्याला पहिल्याच दिवशी त्या भट्टीशेजारी उभे करणे धाडसाचे आहे. ज्वाला केव्हा थांबली, तळ उगवत्या सूर्यासारखा केव्हा लाल दिसला, ताम्रपटावर पांढरी छटा केव्हा आली, हे त्याने दहा वेळा पडद्यावर पाहून, थांबवून, विचारून मगच भट्टीजवळ यावे. आणि आल्यावरही प्रथम केवळ निरीक्षक म्हणून.

अवलेह व गुग्गुळकल्प यांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर तंतुमत्त्व दिसते, पाण्यात बुडणे दिसते, दाबल्यावर उमटणारी मुद्रा दिसते. परंतु दाबताना लागणारे बळ दिसत नाही. अर्धे काम पडद्याचे, अर्धे बोटाचे.

एक नमुना-पाठ : तैलपाक

हा विषय सविस्तर मांडतो, कारण बहुतेक लहान रसशाळांत तेले होतात आणि बिघाडही तेथेच अधिक होतो. पाठ चार आठवड्यांचा धरावा. रोजचा पडद्यावरील वेळ पंधरा-वीस मिनिटांहून अधिक नको.

पहिल्या आठवड्यात द्रव्ये व प्रमाण. कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग, ही सर्वसाधारण परिभाषा कारागिराला तोंडपाठ असते असे मालक समजतात. ती बहुधा नसते. त्याला माहीत असते ते ‘दोन घमेली व एक डबा’. म्हणून मोबाइलवर लहान हिशेब द्यावेत. तेल एक लिटर असेल तर कल्क किती, काढा किती? अडीचशे ग्रॅम व चार लिटर हे उत्तर त्याने स्वतः काढावे. मग तेल तीन लिटर, मग साडेसात लिटर. उत्तर चुकले तर त्याच वेळी कारण दाखविणे संगणकाला सहज जमते, आणि चारचौघांत चूक उघडी पडत नाही. मोठ्या वयाच्या कामगाराच्या दृष्टीने ही बाब आपल्याला वाटते त्याहून महत्त्वाची आहे.

दुसऱ्या आठवड्यात पाकाची चित्रफीत. ती आपल्याच रसशाळेत, आपल्याच कढईची, अनुभवी कारागिराच्या हातून केलेली असावी. परक्या, चकचकीत यंत्रशाळेची चित्रफीत पाहून कामगाराला ‘हे आपले नव्हे’ असे वाटते. चित्रणात तीन गोष्टी अवश्य याव्यात. पहिली, फेसाची. तेलात फेस येणे व तुपात फेस शमणे ही सिद्धीची लक्षणे परस्परविरुद्ध असल्याने नवशिके येथेच गोंधळतात. दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. दुसरी, आवाजाची. कल्काचा अंश अग्नीवर टाकल्यावर होणारा चटचट आवाज म्हणजे जलांश शिल्लक असल्याची खूण. साध्या मोबाइलनेही हा आवाज स्पष्ट टिपला जातो, म्हणून त्या वेळी निवेदन बंद ठेवावे. तिसरी, वर्तीची. दोन बोटांत कल्क वळला जाण्याचे तीन टप्पे जवळून दाखवावेत.

तिसरा आठवडा पूर्णपणे हाताचा. एक लिटर तेलाची लहान कढई, शेजारी अनुभवी कारागीर, आणि शिकणाऱ्याच्या हाती घड्याळ, तापमापक व कोरा तक्ता. दर अर्ध्या तासाने त्याने तापमान लिहावे, फेसाचे छायाचित्र घ्यावे, वर्ती वळून तिचेही छायाचित्र घ्यावे. मृदू पाक नस्यासाठी, खर पाक अभ्यंगासाठी आणि मध्यम पाक सर्व कामांसाठी हा शार्ङ्गधराचा संकेत त्याला येथे सांगावा. कारण आता त्या शब्दांना त्याच्या बोटांत अर्थ आलेला असतो. आधी सांगितला असता तर तो केवळ पाठांतराचा विषय झाला असता. एखादी लहान कढई मुद्दाम खरपाकाच्या पुढे जाऊ द्यावी, असे आम्ही सुचवितो. जळक्या तेलाचा वास कोणत्याही चित्रफितीत नाही, आणि एक लिटर तेलाचा तोटा पुढे वाचणाऱ्या घाण्यांच्या मानाने क्षुल्लक आहे.

चौथ्या आठवड्यात परीक्षा, तीही कढईजवळ. मृदू, मध्यम व खर अशा तीन वर्ती समोर ठेवून ओळखावयास सांगावे; मग डोळे मिटून केवळ स्पर्शाने. उत्पादन-नोंदीचा एक अपुरा भरलेला तक्ता देऊन त्यातील उणिवा काढावयास सांगावे. द्रव्यओळखीच्या पाठाला हीच रीत लावून खऱ्या अशोकाच्या सालीत खोट्याचे तुकडे मिसळून निवडावयास द्यावेत. तोंडी उत्तर चालावे. लिहिता न येणे हा पाक न येण्याचा पुरावा नव्हे.

चिंचोळीतील व्यावहारिक बाजू

सोलापूरचा कामगार एका भाषेचा नाही. मराठीखेरीज तेलुगू व कन्नडही येथे घरांत बोलली जाते; हिंदी-उर्दू तर बाजाराची भाषा आहे. छापील सूचनाफलकाला ही अडचण पार करता येत नाही. चित्रफितीला येते; चित्र एकच ठेवून आवाज बदलता येतो. त्यासाठी व्यावसायिक निवेदकाची गरज नाही. रसशाळेतीलच एखाद्या तेलुगू वा कन्नड भाषक बाईंनी आपल्या शब्दांत सांगितलेले अधिक परिणामकारक होते. येथे एक प्रसंगोपात्त सांगावेसे वाटते की, वीस वर्षांपूर्वी एका संगणकावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की चिन्हांचा चिखल होई. युनिकोडमुळे ती अडचण आता उरली नाही. तेव्हा ‘मराठीत होत नाही’ ही सबब जुनी झाली.

उपकरणे कमीत कमी असावीत. एक मोठा पडदा किंवा जुना दूरचित्रवाणी संच, एक टॅब्लेट आणि आंतरजाल नसतानाही चालतील अशा रीतीने साठवलेल्या चित्रफिती. महागड्या आज्ञावलीच्या विक्रेत्यापासून सावध राहावे. तो शिक्षण विकत नसतो, हजेरीचा अहवाल विकत असतो. उत्पादनकक्षात मोबाइल नको हा नियम योग्यच आहे; म्हणून शिक्षणाचे साधन रसशाळेचे असावे, त्याची स्वच्छता ठरलेली असावी, आणि पाहण्याची जागा उत्पादनकक्षाबाहेर असावी.

शिकण्याची वेळ कामाच्या वेळेत धरावी. दिवसभर उभे राहून, बसने घरी पोहोचून, स्वयंपाक आटोपून मग मोबाइलवर धडा पाहावा, अशी अपेक्षा विशेषतः स्त्री-कामगारांकडून करणे अन्यायाचे आहे आणि निष्फळही. ‘केव्हाही, कोठेही शिका’ या घोषणेचा अर्थ पुष्कळदा ‘आपल्या खर्चाने व आपल्या वेळात शिका’ असा होतो. तो आम्हांस मान्य नाही.

नव्या माणसासाठी शिकाऊ उमेदवारी कायद्याचा मार्ग आहे. १९६१ च्या या कायद्याखालील २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असणाऱ्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक झाले. चार ते एकोणतीस मनुष्यबळ असणाऱ्यांना ते ऐच्छिक राहिले. लहान रसशाळा ऐच्छिक गटात येतात म्हणून मालक तिकडे पाहत नाहीत. तसे पाहिल्यास उमेदवारीचा काळ हा मिश्र शिक्षणाला सर्वांत अनुकूल काळ होय. कारण त्यात शिकणे हेच उमेदवाराचे मुख्य काम असते. जर्मनीतील द्विदल पद्धतीत उमेदवाराचा आठवडा कारखाना व व्यवसायशाळा यांत विभागलेला असतो. आपल्याकडेही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत २०१६ पासून या धर्तीवर प्रयत्न झाले आहेत. सोलापूरच्या शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांतील रसशास्त्र व भैषज्यकल्पना विभागांनी आपल्या कार्यशाळा आठवड्यातून एक दिवस परिसरातील रसशाळांच्या कारागिरांसाठी उघडल्या, तर व्यवसायशाळेची उणीव पुष्कळशी भरून निघेल. त्यात विद्यार्थ्यांचाही लाभ आहे. पदवीधराला श्लोक येतो. कढईचा अंदाज त्याला कारागिराकडून मिळेल.

गुपित, नोंद आणि सही

मालकांची एक शंका रास्त आहे. चित्रफीत बाहेर गेली तर आपला योग बाहेर जाईल! यावर उपाय साधा आहे. शास्त्रोक्त प्रक्रिया चित्रित कराव्यात, स्वतःच्या पेटंट वा प्रोप्रायटरी कल्पांची प्रमाणे करू नयेत. तैलपाकाची परीक्षा हे कोणाचेही गुपित नाही. एका वसाहतीतील तीन-चार रसशाळांनी अशा सामान्य प्रक्रियांच्या चित्रफिती मिळून केल्या, तर खर्च विभागला जाईल. चित्रणात दिसणाऱ्या कारागिराची संमती घ्यावी, आणि त्याचे नाव त्याच्या इच्छेनुसार चित्रफितीत द्यावे. ज्याचे ज्ञान आपण साठवीत आहोत, त्याला ते साठविल्यामुळे आपली गरज संपेल अशी भीती वाटू नये. निवृत्तीनंतरही परीक्षक म्हणून त्याला मानधनावर बोलाविण्याची तरतूद केल्यास ही भीती बरीच कमी होते.

सर्वांत मोठा धोका मात्र गुपिताचा नाही, खोट्या सहीचा आहे. संगणकावर सर्व धडे ‘पूर्ण’ झाल्याची हिरवी खूण दिसते, तपासणीच्या दिवशी तिचा कागद काढला जातो, आणि कढईजवळचा माणूस पूर्वी होता तसाच असतो. अशी नोंद नसलेली बरी. कारण ती मालकालाही फसविते. प्रशिक्षण-नोंदीत म्हणून दोन स्वतंत्र रकाने असावेत. एकात पाहिलेला पाठ व त्याची तारीख. दुसऱ्यात प्रत्यक्ष केलेले कर्म, त्या घाण्याचा क्रमांक, परीक्षकाचे मत व सही. दुसरा रकाना रिकामा असेपर्यंत त्या कारागिराची सही उत्पादन-नोंदीवर घेऊ नये. अनुसूची ई-१ मधील विषारी द्रव्ये हाताळणारे आणि पारदकल्पांवर काम करणारे यांच्याबाबत तर हा नियम अपवादाविना पाळावा. प्रक्रिया, यंत्र अथवा कच्च्या मालाचे स्थान बदलले की संबंधित पाठ पुन्हा घ्यावा व चित्रफीत जुनी झाल्यास काढून टाकावी. प्रत्येक चित्रफितीवर ती केल्याची तारीख व प्रमाण कार्यपद्धतीचा क्रमांक असावा.

ज्या रसशाळांना यंदा प्रारंभ करावयाचा असेल, त्यांनी एकदम दहा पाठ हाती घेऊ नयेत. द्रव्यओळख, तैलपाक आणि पारदकल्पांतील सुरक्षितता हे तीन पुरेत. द्रव्यओळखीचे चित्रण माल उतरतो त्याच दिवशी, दारातच करावे. गोणी उघडताना दिसते ते रूप निवडून, धुऊन, वाळवून मांडलेल्या नमुन्यात दिसत नाही. गुळवेलीचे ताजे कांड पावसाळ्यात आडवे कापून त्याचा छेद व स्राव जवळून टिपावा, आणि त्याच कांडाचे वाळल्यानंतरचे चित्र महिन्याने त्याला जोडावे.